न वाचलेल्या पुस्तकांचा जिना

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर एकाचाही बसलेला नाही. पण यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि जे खरं नाही ते त्याहूनही खरं आहे. तेव्हा पोरांनो, मांडी घालून बसा आणि मधे तोंड घालू नका.

एक होती चष्मेवाली. चष्मा घालणारी नव्हे, दुसऱ्यांना घालायला लावणारी. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात, आतल्या अंधाऱ्या खोलीत, ती लोकांची नजर तपासायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जडशीळ चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, ती काढून दुसरी घालायची आणि मऊ आवाजात विचारायची, "आता सांगा... पहिली बरी, की दुसरी?"

दिवसभर हेच. म्हातारेकोतारे, शाळकरी पोरं, फौजदार, शिंपी, सगळ्यांना ती निवडायला लावायची. कुणी म्हणालं, "दोन्ही सारख्याच वाटतात हो," की तिच्या कपाळाला आठी पडायची. "असं कसं? एक तरी बरी असेलच की! नीट बघा."

आणि हीच बाई घरी आली, की तिला साधं एक पुस्तक निवडता यायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पुस्तकांचं तिला वेड. जुन्या पुस्तकांचा रद्दीवाला तिच्यासाठी गठ्ठे बांधूनच ठेवायचा. घरी आणल्याबरोबर ती प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायची. सगळ्यांना सारखं, वर नाव नाही, गाव नाही. नावावरून निवडणं म्हणजे अन्याय, आणि आत डोकावणं म्हणजे पक्षपात. मग चहाचा कप घेऊन ती ढिगासमोर बसायची. आज कुठलं वाचावं? हे...? की ते? हात एकाकडे जायचा, तोच दुसरं रुसल्यासारखं दिसायचं. त्याच्याकडे वळावं, तर तिसरं हिरमुसायचं. चहा निवून जायचा. "उद्या बघू," म्हणून ती दिवा मालवायची.

आणि उद्या आणखी एक गठ्ठा यायचा.

ढीग एकच होता. दोन करायचे, तर कुठलं पुस्तक कुठल्या ढिगात घालायचं हे ठरवावं लागलं असतं! विटांचा खांब बांधावा तसा तो चांगला ऐसपैस रचलेला होता. नवी पुस्तकं ती वर ठेवत नसे. आल्याआल्या कुणाला डोक्यावर बसवायचं नाही, हा तिचा नियम. गॅरेजमधून मोटारीचा जॅक आणून तिनं ढिगाखाली लावला होता. दांडा फिरवायचा, अख्खा ढीग उचलायचा, खाली नवा गठ्ठा सरकवायचा. असं करता करता ढीग कमरेला लागला, खांद्याला लागला, लाकडी तक्तपोशीला लागला. तुम्ही म्हणाल, आता थांबला असेल. माणसाचा ढीग असता तर थांबला असता. हा पुस्तकांचा होता. एका संध्याकाळी तिनं दांडा फिरवला, वर काहीतरी 'कर्र्' वाजलं, आणि ढीग निमूटपणे वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली.

दारात वरच्या खोलीतला पेंटर उभा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता त्याचं वर्णन काय करू! उंची अशी की चौकटीला मान तुकवावी लागे, केस दाट काळेभोर, आणि कपाळावर निळ्या रंगाचा शिंतोडा. तोसुद्धा असा, की टिकली लावणाऱ्यांनी हेवा करावा.

"तुमचं काही हरवलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही बुवा."

"नीट आठवा." त्यानं पाठीमागून हात पुढे केला. हातात खाकी पुस्तक. "माझ्या पलंगाखाली उगवलंय. सकाळी चपला शोधायला वाकलो, तर फळ्या बाजूला सारून हे वर आलेलं. उपटलं, तर खाली आणखी एक."

"अगंबाई!"

"पाणी वगैरे घालावं लागतं का याला?"

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. "पाणी नको. नुसतं ऊन लागतं."

"मग माझ्याकडे पश्चिमेची खिडकी आहे. येऊ द्या वर खुशाल."

बोलता बोलता त्यानं पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं, मग हात लांब करून धरलं, मान तिरकी केली. चष्मेवालीच्या नजरेतून हे सुटतंय होय?

"डोळे तपासून घ्या तुम्ही. दुकानात या."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? समोरचं सगळं छान दिसतंय की," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

"लांबचं दिसतंय. जवळचं दिसत नाही तुम्हाला."

"खरंय..." तो जरासा थबकला. "जवळचं असं काही बघायची वेळच आली नाही कधी."

दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण पुस्तक परत घ्यायचं विसरलो. आणि त्याचं वाईटही वाटत नाहीये.

पेंटर दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. अंधाऱ्या खोलीत तो उंच स्टुलावर बसला. तिनं चौकट त्याच्या नाकावर ठेवली. दांड्या कानामागे बसवताना तिची बोटं त्याच्या केसांना लागली. त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येत होता. इतके दिवस तिला तो वास मुळीच आवडत नसे.

"पहिली बरी... की दुसरी?"

"पुन्हा एकदा दाखवता?"

तिनं पुन्हा दाखवली.

"दुसरी. पण पहिलीचंही काही चूक नव्हतं म्हणा."

"आणि आता?"

"आता... जरा घोटाळा होतोय. तुम्ही थोडं इकडे उभ्या राहिलात तर?"

"मी कशाला? तुम्ही तक्त्याकडे बघायचंय."

"हो, हो. तक्त्याकडेच."

बाहेर दुकानाचे मालक खोकले. मग मोठ्यानं खोकले. बाकावरच्या एका आजीबाई म्हणाल्या, "आत डोळे तपासतायत की नवीन बसवतायत?" पण पेंटर भलताच चोखंदळ. एकेक काच चारचारदा बघायचा, मग ठरवायचा, मग ठरवलेलं मोडायचा. शेवटी एकदाचा नंबर निघाला. चष्मा तयार झाला. काळ्या काड्यांचा, त्याच्या नाकावर शोभलाही झकास.

त्यानंतर रोज संध्याकाळी पेंटर खाली यायचा. पलंगाखालून काढलेलं पुस्तक काखेत, चष्मा नाकावर.

"वाचलंत?"

"म्हणजे काय! हातातून सुटेचना."

आणि तो गोष्ट सांगायचा, कधी विरही बासरीवाल्याची, कधी डोंबारणीची. एक होता घड्याळजी. त्यानं म्हणे गावातली सगळी घड्याळं मुद्दाम मागे लावून ठेवली, का, तर त्याची ती नेहमी उशिरा यायची आणि लोक तिला नावं ठेवायचे. मग शाळा उशिरा, कोर्ट उशिरा, कोंबडे गोंधळलेले... ती मात्र बरोबर वेळेवर! चष्मेवाली पोट धरधरून हसायची. हसता हसता तिचे डोळे भरून यायचे, का ते तिला कळायचं नाही. तो गेला, की ती ते पुस्तक परत ढिगाखाली सरकवायची. जॅकचा दांडा फिरायचा, वर पलंगाखाली नवं पुस्तक उगवायचं.

वरच्याच मजल्यावर राहायची घरमालकीण. तिला सगळे मावशी म्हणत. मावशीच्या डोळ्यांना चष्मा लागत नसे आणि जिभेला हाड नव्हतं.

"काय रे," ती पेंटरला जिन्यातच अडवायची, "ती दातांच्या दवाखान्याची पाटी रंगवलीस ना, ती बघून पेशंट जबडा धरून पळतायत. अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलतायत नुसती. पिऊन रंगवलीस?"

"नवीन पद्धत आहे, मावशी."

"आणि बेकरीच्या पाटीवर 'ताजा' लिहिलंस ते खांबावर गेलंय. पाटीवर नुसता 'पाव' उरलाय!"

चष्मेवालीला हे ऐकू यायचं, पण कलाकार माणूस म्हटला की असं चालायचंच, असं तिला वाटायचं. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. इथे तर नजर तपासणारीच झाली होती.

कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुठल्या दिवशी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मग एका संध्याकाळी त्यानं दीपगृहाची गोष्ट सांगितली. समुद्रात एक दीपगृह, त्यात एकटा राखणदार. समोरच्या बेटावर एक शिंपीण. तिच्याकडे दिव्याला तेल नसायचं. दीपगृहाचा झोत फिरत फिरत तिच्या खिडकीवर यायचा, तेवढ्यात ती एक टाका घालायची. झोत गेला की हात थांबवायची. पुन्हा झोत, पुन्हा टाका.

"राखणदाराला ते दिसलं," पेंटर हळू आवाजात म्हणाला. "त्या दिवसापासून तिच्या खिडकीवर आला, की झोत जरासा... रेंगाळायला लागला."

"मग?" तिचा कप हवेतच.

"मग जहाजं बोंबलायला लागली. चौकशी आली. राखणदाराला विचारलं, दिवा का रेंगाळतो?"

"मग काय म्हणाला तो?"

पेंटरनं पुस्तक मिटून तिच्या मांडीवर ठेवलं. "शेवट तू वाच. सगळं मीच सांगू?"

त्या रात्री पहिल्यांदाच तिनं पुस्तक ढिगाखाली सरकवलं नाही. उशाशी ठेवलं. उघडलं मात्र नाही. एकच उघडायचं म्हणजे...

आणि शनिवारी तो आला तो हात हलवत.

"बंदरावरून काम आलंय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "जहाजांची नावं रंगवायची. राहायला खोली देतायत, पगार बरा आहे. उद्या संध्याकाळची गाडी."

"अरे वा," ती म्हणाली. 'वा' कसाबसा निघाला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही." त्यानं चष्मा सारखा केला. "तुला विचारायला आलोय. जाऊ... की राहू? पहिलं, की दुसरं?"

तिनं ढिगाकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. 'राहा' म्हटलं आणि तिथे त्याचं नशीब फळफळणार असलं तर? 'जा' म्हटलं तर... 'जा' हा शब्द तिच्या घशातून बाहेर पडेना आणि 'राहा' आतून वर येईना. शेवटी एवढंच निघालं, "दोन्ही... सारखंच की."

ऐकलं तिचं तिनंच, आणि जीभ चावली. पण धनुष्यातून बाण सुटला होता.

पेंटर खिन्न हसला. "आम्ही असं म्हटलं की तू म्हणतेस, नीट बघा." दारापर्यंत जाऊन त्यानं वळून पाहिलं. ती ढिगाकडेच बघत होती. पायऱ्या चढणारे पाय त्या दिवशी फार सावकाश चढले.

रविवार उजाडला. रडून तिचे डोळे असे सुजले होते, की कुठल्याच नंबराची काच चालली नसती. शेवटी तिला स्वतःचा संताप आला. उशाशी पुस्तक पडलं होतं. राखणदार काय म्हणाला, हे तरी कळू दे! आणि तिनं ते उघडलं. हे की ते, असा प्रश्न मनात आलासुद्धा नाही.

पहिल्या पानावर मधमाश्यांच्या पेटीचं चित्र होतं.

तिनं पान उलटलं. पेटी सावलीत ठेवावी. पुढचं पान. धूर कसा द्यावा. असेल, राखणदार मधमाश्याही पाळत असेल, म्हणून ती वाचत गेली. मुंग्यांपासून पेटी कशी जपावी, मध कधी काढावा, डंख झाल्यास काय लावावं. दुपार झाली, पुस्तक संपलं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच एक पुस्तक कव्हरापासून कव्हरापर्यंत संपलं, आणि त्यात ना दीपगृह होतं, ना शिंपीण, ना समुद्राचा थेंब!

ती ताडकन उठली. घड्याळजीचं पुस्तक शोधायला हवं. हे काढ, ते ओढ, तिनं ढीग एका बाजूनं उपसायला सुरुवात केली. आता कुणी रुसेल, कुणी हिरमुसेल, याची शुद्ध कुणाला! घड्याळजीच्या जागी निघालं गटारांच्या बांधकामाचं पुस्तक. विरही बासरीवाल्याच्या जागी दातांची निगा. डोंबारणीच्या जागी जुने रेल्वे कायदे.

जमिनीवर पुस्तकांच्या ढिगाऱ्यात ती मटकन बसली आणि विचार करू लागली. यानं यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. का? कारण अक्षरं दिसली नाहीत. पाट्या वाकड्या का? तेही त्याचमुळे. म्हणजे चष्म्याचा नंबर चुकला. पण माझा नंबर चुकत नाही! जन्मात चुकलेला नाही. म्हणजे... म्हणजे हा तपासताना खोटं बोलला. पहिली बरी असताना दुसरी म्हणाला, दुसरी बरी असताना पहिली. कशाला? स्वतःची नजर बिघडवून घ्यायला कुठला शहाणा...

आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तेवढ्यात खिडकीबाहेरून एक ट्रंक खाली आली. दोराला बांधलेली, हेलकावे खात. पाट्या चढवायचा पेंटरचा दोर! ती दाराबाहेर धावली. जिन्याच्या तोंडाशी मावशी केरसुणी घेऊन उभी.

"खबरदार पाय ठेवशील तर! रंग ओला आहे."

"मावशी, मला वर जायचंय!"

"कुणाला नको आहे? मीच सकाळपासून खाली अडकलेय. जाता जाता जिना रंगवून दे म्हटलं, तर त्या दिवट्यानं खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि रंगवत रंगवत स्वतःला वर कोंडून घेतलं! कुठला पेंटर असं करतो? लक्ष कुठे असतं त्याचं, देव जाणे."

"मग तो उतरणार कसा?"

"खिडकीतून, दोरावरून. पाट्यांवर लोंबकळणारी जात ती, त्याला काय भीती?"

चष्मेवाली उलट्या पावली खोलीत आली. वर पावलं वाजत होती. खिडकी उघडल्याचा आवाज झाला. आणि तिची नजर ढिगावर गेली. दुपारभर उपसल्यामुळे तो एका बाजूनं खचला होता. इथे एक पुस्तक पुढे, तिथे एक मागे. थेट जिना! वर, तक्तपोशीत, मोकळं भोक.

तिनं मधमाश्यांचं पुस्तक काखेत मारलं, पदर खोचला आणि पहिली पायरी चढली. पोरांनो, इतकी वर्षं ज्या पुस्तकांची मनं दुखावतील म्हणून ती एकालाही हात लावायला भीत होती, त्यांनीच तिला उचलून धरलं. एकही हललं नाही. एकही कुरकुरलं नाही. जाडजूड कोशांनी टाचा पेलल्या, लहानग्या पुस्तकांनी बोटं. वाटेत जॅकनंसुद्धा आपणहून एक झोका दिला, असं मी म्हणत नाही, पण दिला. चष्मेवाली गेली ती सरळ वर, आणि तिचं डोकं पेंटरच्या पलंगाखाली निघालं.

पेंटरचा एक पाय खिडकीबाहेर होता. तो शांतपणे आत आला. पलंग एका हातानं बाजूला केला, दुसऱ्या हातानं तिला अलगद वर घेतलं. केसांत कोळिष्टकं, गालावर धूळ, हातात खाकी पुस्तक. अशी देखणी बाई त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"यात दीपगृह कुठाय?" तिनं धापा टाकत विचारलं.

"असेल की. मधल्या पानांत..."

"मधल्या पानांत मुंग्या आहेत! वाचलंच नाहीस तू. एकही वाचलं नाहीस!"

पेंटरनं चष्मा नाकावर आणखी वर सरकवला.

"अक्षरंच दिसत नाहीत तुला या चष्म्यातून. तपासताना खोटं का बोललास?"

"खरं बोललो असतो," तो चष्मा काढत म्हणाला, "तर तपासणी संपली असती."

खिडकीतून उन्हाचा तिरपा पट्टा आत आला होता. त्यात धुळीचे कण तरंगत होते. खाली मावशी ओरडत होती, ट्रंकेचं काय करू म्हणून.

"आणि इतक्या गोष्टी? त्या कुठून आणल्यास?"

"तू कप हातात धरून बघत बसायचीस. मग सुचायच्या."

"दिवा का रेंगाळतो, असं विचारल्यावर राखणदार काय म्हणाला?"

"ते... मलाही अजून सुचलेलं नाही."

तिनं त्याच्या हातातला चष्मा घेतला आणि खिडकीबाहेर भिरकावला. मावशी खालून किंचाळली. चष्मेवालीनं कंबरेवर हात ठेवले. "काल काय विचारलंस मला? पुन्हा विचार."

"जाऊ... की राहू?"

"दुसरं," ती म्हणाली. मोठ्यानं, खणखणीत, रस्त्यावरच्यांनी मान वर करून बघावं असं. "दुसरं! राहा. नीट बघून सांगतेय."

आणि मग, पोरांनो, पेंटर एक पाऊल पुढे आला. जराही न घाबरता, जराही न अडखळता, भारदस्त आवाजात त्यानं तिला सरळ लग्नाची मागणी—

"खोटं!"

खिडकीशी वाचत बसलेल्या आजीनं पुस्तकातून डोकं वर काढलं.

"साफ खोटं! अहो, पोरांना काय वाट्टेल ते सांगताय? मी पलंगाखालून डोकं काढलं, तेव्हा तुम्ही स्टुलावर चढून 'घूस! घूस!' म्हणून किंचाळत होतात. आणि मागणी कुणी घातली म्हणे? मी घातली! एकदा नाही, दोनदा! पहिल्यांदा तुमच्या किंचाळण्यात तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं!"